नॅनो जस्त, नॅनो चांदी आणि मुळांवरच्या गाठी: मातीतल्या जिवाणूंचे नेमके काय होते?

प्रश्न बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा आहे. ते सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करून पिकाला हवेतले नत्र देणारे जिवाणू) आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू लावतात आणि त्याच बियाण्याला नॅनो झिंकही चोळतात. डाळिंबाच्या बागेत मर रोगासाठी ठिबकातून ‘नॅनो सिल्व्हर’ सोडतात आणि तीन-चार आठवड्यांनी त्याच ठिबकातून ट्रायकोडर्मा ही रोगकारक बुरशींना आवरणारी उपयोगी बुरशी व जिवाणू खते देतात. त्यांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. हे नॅनोकण उपयोगी जिवाणू मारतात का? ते पिकात शिरतात का? आणि जमीन त्यामुळे कायमची बिघडते का? ओघात त्यांनी नॅनो युरियाविषयीही विचारले आहे.

मातीतल्या जिवाणूंवर प्रयोगशाळेत आणि शेतात काम करताना हा प्रश्न माझ्यापुढे वारंवार येतो आणि दर वेळी उत्तराची सुरुवात एकाच जागेवरून करावी लागते. बाटलीवरचा ‘नॅनो’ हा शब्द फक्त आकार सांगतो, साधारण १ ते १०० नॅनोमीटर. कण कशाचा आहे, पाण्यात विरघळतो की नाही, किती मात्रेत पडतो, कोणत्या मातीत पडतो आणि जिवाणूच्या किती जवळ पडतो, यांपैकी काहीही त्या शब्दातून कळत नाही. शेवटची गोष्ट, म्हणजे जवळीक, सगळ्यांत दुर्लक्षित राहते आणि आपल्या बाबतीत तीच निर्णायक आहे. आपल्या मात्रेत आणि आपल्या काळ्या जमिनीत नॅनो जस्ताची भीती बाळगण्याचे फारसे कारण नाही. पण ते जिवाणू लावलेल्या बियाण्यावर चोळणे चूक आहे. नॅनो चांदीचा मामला वेगळा असून ती ठिबकातून मुळाशी देणे मी थांबवायला सांगेन. ही दोन विधाने कशावरून केली, ते आता मांडतो.

आधी आकाराचा अंदाज घेऊ. मातीतला सर्वसाधारण जिवाणू सुमारे १००० नॅनोमीटर लांबीचा असतो. त्याच्याजवळ ५० नॅनोमीटरचा कण म्हणजे घागरीपाशी ठेवलेली सुपारी. हा कण जिवाणूच्या आत घुसून त्याला मारतो अशी कल्पना लोकांच्या मनात असते, पण बहुतेक वेळा तसे होत नाही. जिवाणूला कठीण भित्तिका असते आणि अख्खा कण गिळण्याची सोय त्याच्याकडे नसते. कण त्याच्या अंगाला चिकटतो आणि तिथेच झिजतो. चांदीच्या कणातून चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, सुटतात, ते प्रथिनांमधल्या गंधकयुक्त गटांना घट्ट धरतात आणि श्वसनाची साखळी तोडतात. जस्त आणि तांबे यांच्या ऑक्साइडचे कणही मुख्यतः विरघळूनच अपाय करतात. शिवाय कणांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे तयार होऊन पेशीचे पटल बिघडते, ती वाट निराळी. टायटॅनियम डायऑक्साइडची ही दुसरी करामत प्रामुख्याने अतिनील प्रकाशात चालते, त्यामुळे जमिनीखालच्या अंधारात त्याचा जोर पुष्कळ कमी होतो.

कण जितका बारीक तितका तो लवकर विरघळतो, कारण पृष्ठभाग वाढतो. एक ग्रॅम झिंक ऑक्साइड ५० मायक्रोमीटरच्या साध्या भुकटीच्या रूपात असेल तर त्याचा एकूण पृष्ठभाग सुमारे ०.०२ चौरस मीटर, म्हणजे वहीच्या अर्ध्या पानाएवढा भरतो. तेच ५० नॅनोमीटरचे केले की तो सुमारे २१ चौरस मीटर होतो, म्हणजे एका मोठ्या खोलीच्या फरशीएवढा. नॅनो खताचा सारा दावा आणि नॅनोकणाचा सारा धोका या एकाच गणितातून निघतो.

परंतु हे गणित स्वच्छ पाण्यातले आहे आणि मातीत गेले की चित्र पालटते. विद्यार्थ्यांना मी एक साधा प्रयोग दाखवतो. नॅनो चांदीचे द्रावण पिवळसर, पातळ चहासारखे दिसते आणि तो रंग कण सुटे असल्याची खूण असते. दोन परीक्षानळ्यांत ते सारखे घ्यायचे, एकीत चिमूटभर धुतलेली वाळू आणि दुसरीत चिमूटभर भारी काळी माती घालायची, हलवायचे आणि माती खाली बसू द्यायची. वाळूच्या नळीतले पाणी पिवळेच राहते. मातीच्या नळीत वरचे पाणी निवळते तेव्हा त्यातला पिवळेपणा जवळजवळ गेलेला असतो. मातीतल्या कॅल्शियममुळे कण एकमेकांना चिकटून गोळा होतात, चिकणमातीच्या पापुद्र्यांवर बसतात आणि ह्यूमसच्या, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाच्या, थराखाली झाकले जातात. काळ्या मातीतली चिकणमाती स्वतःच नॅनो जातीची आहे. मॉन्टमोरिलोनाइटचा एक पापुद्रा जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचा असतो. निसर्गाने दख्खनच्या बसाल्टपासून हे कण अतोनात बनवून ठेवलेले आहेत आणि आपले जिवाणू त्यांच्यातच वाढलेले आहेत. म्हणून वाळूत, आगरमध्ये (प्रयोगशाळेत जिवाणू वाढवण्याच्या जेलीत) किंवा नुसत्या पाण्यात केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष उचलून काळ्या रानावर लावणे मला मान्य नाही, मग तो प्रयोग कितीही नामांकित नियतकालिकात आलेला असो.

जस्ताच्या बाबतीत मातीचा सामू (आम्ल-विम्ल निर्देशांक, pH) फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ दरम्यान असतो, आणि अशा जमिनीत विरघळलेले जस्त फार काळ मोकळे राहत नाही. ते चुन्याशी, मातीच्या कणांशी बांधले जाते. म्हणूनच तर या जमिनींत जस्ताची कमतरता दिसते. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत मात्र तेच कण झपाट्याने विरघळतात. गव्हावर आम्ल आणि चुनखडीयुक्त अशा दोन मातींत झिंक ऑक्साइडचे नॅनोकण वापरून झालेल्या तुलनात्मक प्रयोगांत आम्ल मातीत मुळे खुरटली आणि चुनखडीच्या मातीत तसा अपाय दिसला नाही, उलट पानातले जस्त वाढले. एकच बाटली बार्शीला खत ठरेल आणि तीच जास्त मात्रेत रत्नागिरीकडे मुळांना जाचेल, असा याचा अर्थ आहे.

सोयाबीनविषयी सर्वांत गाजलेला प्रयोग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील संशोधकांनी केला आणि तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी शेतातल्या मातीत झिंक ऑक्साइड व सेरियम ऑक्साइड यांचे नॅनोकण मिसळून सोयाबीन शेंगा भरेपर्यंत वाढवले. जस्ताच्या कुंड्यांतली झाडे तगली, पण पानांत आणि दाण्यांत जस्त साचले. सेरियमच्या कुंड्यांत वाढ व उत्पादन घटले आणि जास्त मात्रेत मुळांवरच्या गाठींमधले नत्र स्थिरीकरण जवळपास बंद पडले. गाठी दिसत होत्या, पण काम करत नव्हत्या. सेरियम ऑक्साइड हे खत नव्हे. डिझेलमध्ये ज्वलन सुधारण्यासाठी ते मिसळले जाते आणि धुरातून बाहेर पडते. त्याच गटाने त्याआधी, २०११ मध्ये, गवताळ रानातल्या मातीत टायटॅनियम डायऑक्साइड व झिंक ऑक्साइड मिसळून ६० दिवस ठेवले होते. दोहोंनीही जिवाणूंचे एकूण वस्तुमान आणि विविधता घटवली आणि त्यात झिंक ऑक्साइड अधिक प्रखर ठरले.

हे वाचून घाबरण्याआधी मात्रा पाहा. सोयाबीनच्या त्या प्रयोगात जस्ताची सर्वांत कमी मात्रा किलोभर मातीला ५० मिलिग्रॅम होती. आता आपल्या रानाचा हिशोब करू. एका एकरातली वरची १५ सेंटिमीटर माती साधारण ८ लाख किलो भरते. १ टक्का जस्ताचे लिटरभर द्रावण एकराला दिले तर जस्त जाते १० ग्रॅम, म्हणजे किलोभर मातीला सुमारे ०.०१ मिलिग्रॅम. प्रयोगातली किमान मात्रा याच्या चार हजार पटींच्या आसपास येते. उलट एकरी १० किलो झिंक सल्फेट आपण निर्धास्तपणे टाकतो, त्यातून २ किलोंहून अधिक जस्त जाते. फवारलेल्या नॅनो जस्ताने रानातले जिवाणू मरतील ही भीती या आकड्यांपुढे टिकत नाही. याच आकड्यांवरून दुसराही एक प्रश्न उभा राहतो. एवढ्याशा जस्ताने मातीतली कमतरता भरून निघेल का? तर नाही. ते पानावाटे तात्पुरती गरज भागवू शकते, जमिनीचा साठा वाढवू शकत नाही. विक्रेता ही दुसरी बाजू सहसा सांगत नाही.

चांदीचे मात्र तसे नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी या विषयात सर्वांत मोलाचा मानतो, कारण तो आगरच्या थाळीत नव्हे तर उघड्यावर, मोठ्या टाक्यांत निरनिराळ्या वनस्पती लावून केलेला होता आणि चांदी सांडपाण्याच्या गाळातून, म्हणजे ती प्रत्यक्षात जशी शेतात पोचते तशी दिलेली होती. मात्रा होती किलोभर मातीला फक्त ०.१४ मिलिग्रॅम. तरीही जिवाणूंचे वस्तुमान नुसता गाळ दिलेल्या टाक्यांच्या तुलनेत ३५ टक्क्यांनी कमी भरले, एका गवताची वाढ ३२ टक्क्यांनी घटली आणि सुरुवातीच्या दिवसांत नायट्रस ऑक्साइड वायूचे उत्सर्जन साडेचार पटींवर गेले. शेवटची गोष्ट शेतकऱ्याच्या दृष्टीने समजून घेण्यासारखी आहे. नायट्रस ऑक्साइड म्हणजे मातीतून हवेत उडालेले नत्र. अमोनियाचे नायट्रेट करणारे आणि नायट्रेटचे वायूत रूपांतर करणारे जिवाणू साखळीने काम करतात. त्यातली एखादी कडी ढिली झाली की मधलाच पदार्थ बाहेर निसटतो. नायट्रीकरण करणारे जिवाणू चांदीला विशेष हळवे असतात हे तर स्वतंत्रपणेही दिसून आलेले आहे.

हाच हिशोब आता आपल्या बागेला लावून पाहू. साडेचार बाय तीन मीटरवर एकरात सुमारे ३०० झाडे बसतात. झाडाला चार याप्रमाणे १२०० ड्रिपर धरू. समजा द्रावणात लिटरला ५०० मिलिग्रॅम चांदी आहे आणि आपण एकराला एक लिटर सोडले. पूर्ण एकराच्या मातीवर ही चांदी पसरली असती तर ती नगण्य ठरली असती. पण ठिबक ती पसरवत नाही. प्रत्येक ड्रिपरखाली सुमारे ०.४ मिलिग्रॅम चांदी पडते, आणि कण मातीला लगेच चिकटत असल्याने ती ड्रिपरच्या तोंडाजवळच्या चार-पाच किलो मातीतच अडकते. म्हणजे किलोला जवळपास ०.०८ मिलिग्रॅम. बहारात दोन वेळा दिले की आपण ड्यूकच्या मात्रेच्या वर गेलो. पांढरी मुळी तिथेच असते, ट्रायकोडर्मा आपण तिथेच सोडता, जिवाणू खतही तिथेच पडते. ‘एकरी फक्त एक लिटर’ हे वाक्य ठिबकाच्या बाबतीत म्हणूनच फसवे आहे.

थोडे विषयांतर करतो, पण ते या जागी शोभेल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दाखवून दिले की फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी चांदीच्या आयनांचे नॅनोकण स्वतःच बनवते, तेही पेशीच्या बाहेर. आपण हिला हरभऱ्याच्या मरीची बुरशी म्हणून ओळखतो. ट्रायकोडर्माच्या काही वाणांनाही हे जमते. बुरशी विरघळलेल्या विषारी चांदीला असे कणांत कोंडून बाजूला टाकते, तर अशी सोय नसलेले अनेक उपयोगी जिवाणू त्या मानाने सहज बळी पडतात. मर आणणाऱ्या बुरशीसाठी सोडलेली चांदी बुरशीआधी जिवाणूंना लागण्याची शक्यता यातून स्पष्ट व्हावी.

बियाण्याच्या बाबतीत जवळीक आणखी टोकाला जाते. रायझोबियमचे पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळले की जिवाणू बियाण्याच्या सालीवर पातळ थरात बसतात. मातीचे संरक्षण नाही, चुना नाही, ह्यूमस नाही. त्याच ओल्या थरात झिंक ऑक्साइडचे कण मिसळले, तर एकरी मात्रा कितीही किरकोळ असली तरी त्या थरापुरती ती भरपूर असते. शिवाय गुळाचे पाणी किंचित आम्लधर्मी असते, त्यामुळे जस्त अधिकच सुटते. बुरशीनाशकाच्या बाबतीत ‘आधी बुरशीनाशक, मग जिवाणू, शेवटी सावलीत वाळवणे’ हा क्रम आपण पाळतो. धातूच्या नॅनोकणांना मात्र त्या क्रमातही जागा नाही. जस्त द्यायचे तर पेरणीवेळी झिंक सल्फेट जमिनीतून किंवा नंतर पानांवर द्यावे.

आता कण पिकात शिरतात का, याविषयी. वनस्पतीच्या पेशीभित्तिकेची छिद्रे काही नॅनोमीटर ते फार तर वीसेक नॅनोमीटरची असतात आणि मुळाच्या आत कॅस्पेरियन पट्टा हा दुसरा पहारा असतो. त्यामुळे मोठे कण बहुतांशी मुळाच्या बाहेरच लटकतात, लहान कण कोवळ्या टोकांतून किंवा जखमेतून आत जाऊ शकतात. मात्र आत गेलेले प्रत्येक मूलद्रव्य कणरूपातच असते असे नव्हे. सोयाबीनच्या दाण्यांची क्ष-किरणांनी तपासणी झाली, तेव्हा जस्त झिंक ऑक्साइड म्हणून नव्हे तर सायट्रेटसारख्या संयुगात बांधलेले आढळले. पिकाने ते साध्या जस्तासारखेच वापरले होते. सेरियम मात्र बऱ्याच अंशी मूळ ऑक्साइडच्या रूपातच शेंगांपर्यंत पोचलेले दिसले. सोन्यासारखा न विरघळणारा कण तर तंबाखूच्या पानातून ते पान खाणाऱ्या अळीत जातो आणि तिथे सहा ते बारा पटींनी एकवटतो, हे केंटकी विद्यापीठात २०११ मध्ये दिसले. विरघळणाऱ्या जस्ताने पिकात काय केले आणि न विरघळणाऱ्या कणाने काय केले, या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

जमीन कायमची बिघडते का, याचे उत्तर धातूच्या पुढच्या प्रवासात आहे. चांदी जमिनीतून नाहीशी होत नाही, पण तिचे रूप पालटते. सांडपाण्याच्या शुद्धीकरणात, जिथे ऑक्सिजन कमी आणि गंधक भरपूर असतो, तिथे तिचे सिल्व्हर सल्फाइड होते. घरातली चांदीची भांडी काळी पडतात तोच हा पदार्थ. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून त्याची विषारी ताकद पुष्कळ उतरते. हवेशीर रानात हे रूपांतर सावकाश होते. म्हणून एकदा दिलेल्या चांदीपेक्षा दर बहारात पुन्हा पुन्हा दिलेल्या चांदीची मला अधिक काळजी वाटते. ‘रूप बदलले म्हणजे निर्धोक’ हेही सरसकट खरे नाही. चांदी, जस्त आणि टायटॅनियम यांचे नॅनोकण प्रायोगिक शुद्धीकरण यंत्रणेतून नेऊन, त्यातला गाळ मुरवून मग मातीत मिसळला, तेव्हाही मेडिकॅगो ट्रंकॅट्युला या लसूणघासाच्या भावंडाच्या मुळांवर गाठी कमी आल्या आणि त्यात जस्ताची उपलब्धता महत्त्वाची ठरली. शहराच्या सांडपाण्यावर भाजीपाला घेणाऱ्यांनी ही बाब ध्यानात ठेवावी. सनस्क्रीन, रंग आणि जंतुरोधक कपडे यांतले कण शेवटी त्याच पाण्यात उतरतात.

नॅनो युरियाविषयीही आपण ओघात विचारले आहे, त्याचे उत्तर थोडक्यात देतो. सुरुवातीला आलेल्या, ४ टक्के नत्राच्या ५०० मिलिलिटर बाटलीत नत्र २० ग्रॅम होते; ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ते सुमारे २०.७ किलो असते. एवढ्या नत्राने जिवाणूंना धोका नाही, मात्र एवढ्यावर पीक पोसले जाण्याचा भरवसाही नाही. पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयोगांत नेहमीच्या नत्राच्या तुलनेत नॅनो युरियाच्या पद्धतीने भाताचे उत्पादन सुमारे १३ टक्क्यांनी आणि गव्हाचे सुमारे २१.६ टक्क्यांनी घटले होते. हा विषय विषारीपणाचा नसून उपाशीपणाचा आहे.

यापुढे कोणी आपल्याला एखाद्या उत्पादनाचे प्रयोगाचे कागद दाखवले तर एकच गोष्ट शोधावी: नॅनोकणांच्या वाफ्याशेजारी त्याच धातूच्या साध्या क्षाराचा आणि साध्या भुकटीचा, तितक्याच मात्रेचा वाफा होता का. तो नसेल तर फायदा नॅनो आकारामुळे झाला की नुसत्या जस्तामुळे, हे ठरवता येत नाही. अपायाच्या निष्कर्षांनाही हीच कसोटी लागते; कितीतरी निबंधांत ‘नॅनोचा विषारीपणा’ म्हणून दाखवलेला परिणाम साध्या झिंक सल्फेटनेही तितकाच झाला असता. नॅनो आधारित कृषी निविष्ठांच्या मूल्यमापनासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. बाटलीवर धातूचे प्रमाण, कणाचा आकार आणि नोंदणीचा तपशील नसेल, तर ती बाटली कृषी सेवा केंद्रातच राहू द्यावी.

आपल्या रानात काय होते आहे हे मात्र आपणच पाहू शकता आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. येत्या खरिपात सोयाबीनच्या चार ओळी नुसत्या रायझोबियमच्या ठेवा आणि शेजारच्या चार ओळींत आपली नेहमीची नॅनो झिंकची बीजप्रक्रिया करा. पेरणीनंतर ४० दिवसांच्या आसपास, वाफसा असताना, दोन्हीकडची दहा-दहा झाडे खुरप्याने मातीच्या ढेकळासह उचला. उपटू नका, उपटल्यावर गाठी मातीतच राहतात. ढेकूळ बादलीत भिजवून माती आपोआप सुटू द्या. मग मुख्य मुळाच्या वरच्या भागावरच्या गाठी मोजा आणि प्रत्येक झाडाच्या पाच गाठी नखाने किंवा ब्लेडने मधोमध कापा. काम करणारी गाठ आतून गुलाबी ते लालसर दिसते, कारण तिच्यात आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखेच एक द्रव्य असते. पांढरट गाठ अजून कामाला लागलेली नसते किंवा लागणारच नसते. हिरवट किंवा तपकिरी गाठीचे काम संपलेले असते. गाठींची संख्या दोन्हीकडे सारखी आणि नॅनोच्या ओळींत गुलाबी कमी, असे निघाले तर संख्येपेक्षा रंगावर विश्वास ठेवा. सांता बार्बराच्या सेरियमच्या कुंड्यांतही गाठी होत्याच. कापल्यावर पाच मिनिटांच्या आत रंग लिहून ठेवा, हवेत तो लवकर काळपटतो.